होस्ट गायब आहे आणि डोमेन त्याच्याकडे अडकलंय, ते सोडवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या संस्थेची वेबसाइट नऊ वर्षांपूर्वी एका होस्टिंगवाल्याने करून दिली. डोमेन, होस्टिंग, ईमेल सगळं तोच बघायचा. वर्षाला एक बिल यायचं, तुम्ही भरायचात. गेले चार महिने त्याचा फोन लागत नाही, मेलला उत्तर नाही, पॅनेलमध्ये लॉगिन होत नाही. साइट अजून दिसते आहे, पण डॉट कॉम डोमेनची मुदत सहा आठवड्यांवर आली आहे. त्याच्या मदतीशिवाय डोमेन सोडवता येईल का?

बहुतेक वेळा येतं. अट एकच, नोंदीत मालक म्हणून तुमचं किंवा संस्थेचं नाव हवं. ते असेल तर काम कटकटीचं आहे पण होण्यासारखं आहे. होस्टने डोमेन स्वतःच्याच नावावर घेतलं असेल तर मामला वेगळा, त्याकडे पुढे येतो.

आधी कोण कुठे बसलंय ते नीट समजून घ्या, कारण चार महिने तुम्ही बहुधा चुकीच्या माणसामागे लागला आहात. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, तिला रजिस्ट्री म्हणायचं. त्या वहीत नोंद करतात ते रजिस्ट्रार. त्यांना मान्यता देते आयकॅन, ही संस्था १९९८ पासून आहे. तुमचा होस्ट यांपैकी कुणीच नसणार. तो एखाद्या रजिस्ट्रारचा रीसेलर, म्हणजे त्याची डोमेनं पुढे विकणारा मधला माणूस असेल, किंवा त्याहून साधं म्हणजे रजिस्ट्रारकडे एक खातं उघडून त्यात स्वतःच्या पन्नास गिऱ्हाइकांची डोमेनं ठेवून बसलेला एकटा माणूस असेल. तो नाहीसा झाला म्हणून रजिस्ट्रार नाहीसा होत नाही. आणि रजिस्ट्रारच्या लेखी डोमेनचा धनी म्हणजे नोंदीत ज्याचं नाव आहे तो. बिल कोण पाठवत होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

रागाच्या भरात एक गोष्ट मात्र करू नका. होस्टला दिलेले पैसे बँकेकडून उलटे मागवू नका. चार्जबॅक आला की रजिस्ट्रारला फसवणुकीचा वास येतो आणि तो डोमेन गोठवून ठेवतो. मुदत उलटलेल्या डोमेनच्या मागच्या काळाचे पैसे थकले असतील, तर ट्रान्सफर, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेणं, नाकारायला ते नियमात बसणारं कारण आहे आणि चार्जबॅकही त्यातच मोजला जातो. म्हणजे दोनशे रुपयांच्या कुलपासाठी आपणच आपलं दार खिळवून घ्यायचं. डोमेन हातात येईपर्यंत होस्टिंगचं जे चालू आहे ते चालू राहू द्या.

आता नोंद बघा. लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी या पानावर डोमेन टाकायचं. पूर्वी याला हूइज म्हणत. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी हूइज ठेवण्याची सक्ती संपली आणि आरडॅप नावाची पद्धत आली. बघणाऱ्याला फारसा फरक पडत नाही. पानावर बरंच काही येईल, पण आपल्या कामाच्या ओळी चार.

पहिली ओळ रजिस्ट्रारची. इथे बहुतेक जण गोंधळतात, कारण खाली नेम सर्व्हरच्या ओळीत होस्टचं नाव दिसतं आणि डोमेनही त्याच्याकडेच आहे असं वाटतं. नेम सर्व्हर फक्त साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगतो. डोमेन कुणाकडे नोंदलंय ते रजिस्ट्रारच्या ओळीत. त्याच्याजवळच गैरवापराच्या तक्रारीसाठीचा ईमेल आणि फोन असतो, तोही उतरवून घ्या. तो पत्ता तुमच्यासारख्या कामासाठी नसतो, पण बाकी सगळं बंद असताना तिथे माणूस सापडतो. काही नोंदींत रीसेलरची वेगळी ओळही असते. तिथे होस्टचं नाव दिसलं तर चांगलंच, साखळी कागदावर आली.

दुसरी मुदतीची तारीख. हिच्यात एक गोम आहे, ती पुढे सांगतो. तिसरी स्टेटस. क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड असं दिसलं तर घाबरू नका, ते साधं कुलूप आहे आणि जवळजवळ प्रत्येक डोमेनवर असतं. क्लायंट होल्ड दिसलं तर रजिस्ट्रारने काहीतरी कारणाने डोमेन बंद ठेवलंय. रिडेम्प्शन पिरियड दिसलं तर घड्याळ जोरात धावतंय.

चौथी ओळ मालकाची, आणि तिथे बहुधा काहीच दिसणार नाही. युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून नाव, पत्ता, ईमेल झाकलेले असतात. पण एक फट आहे. नाव झाकलं तरी मालकापर्यंत निरोप पोचवण्याची सोय रजिस्ट्रारला ठेवावीच लागते, मग ती एखाद्या फॉर्मची असेल किंवा आकडे-अक्षरांच्या विचित्र ईमेल पत्त्याची. त्या पत्त्यावर तुम्हीच एक मेल टाका: "चाचणी, आज दुपारी पाठवलेला." आणि संस्थेच्या सगळ्या मेलबॉक्समध्ये वाट बघा, स्पॅमसकट, जुन्या सचिवांच्या आणि खजिनदारांच्या मेलबॉक्ससकट. मेल तुमच्यापैकी कुणाकडे येऊन पडला तर निम्मी लढाई तिथेच संपते. नोंदीत तुमचाच ईमेल आहे हे त्यातून कळतं. नाही आला तर तो होस्टकडे गेला असेल किंवा बंद पत्त्यावर आपटला असेल, एवढंच कळतं.

तेवढ्यात जुन्या मेलमध्येही शोध घ्या. २००३ पासून असा नियम आहे की रजिस्ट्रारने वर्षातून एकदा मालकाला त्याचा नोंदलेला तपशील पाठवून तो बरोबर आहे का ते तपासायला सांगायचं. हे मेल कुणी उघडत नाही, जाहिरात समजून सोडून देतात. पण नऊ वर्षांत एक जरी तुमच्याकडे आला असेल, तर त्यात रजिस्ट्रारचं नाव, मालकाचं नाव, कधी कधी पत्ता असं सगळं छापलेलं असतं. रजिस्ट्रारला पुढे पत्र लिहाल तेव्हा त्याच्यासोबत हा कागद सोन्यासारखा आहे.

समजा, नाव संस्थेचं आणि ईमेलही तुमच्या ताब्यातला. मग रजिस्ट्रारच्या साइटवर जाऊन तो ईमेल टाकून पासवर्ड बदलून बघा. कित्येकदा खातं तुमच्याच नावाचं निघतं आणि होस्ट फक्त त्याची किल्ली वापरत असतो. खातं रीसेलरचं असेल तर पासवर्ड बदलून काही होणार नाही, मग रजिस्ट्रारला लिहायचं.

नाव संस्थेचं, पण ईमेल होस्टचा किंवा मेलेला, हा प्रकार मला सगळ्यांत जास्त भेटतो. त्याची एक खास उपजात आहे: मालकाचा ईमेल त्याच डोमेनवरचा असतो. माहिती ॲट अमुक डॉट कॉम, आणि डोमेन पण अमुक डॉट कॉम. होस्टचा सर्व्हर बंद पडला की मेल बंद, मेल बंद की रजिस्ट्रारचा कोड येत नाही, कोड येत नाही म्हणून डोमेन हलत नाही. किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावून घेतल्यासारखं. तुमची साइट अजून चालू आहे म्हणजे मेलही चालू असण्याची शक्यता आहे. नोंदीतला ईमेल असा असेल तर सगळी कामं सोडून आधी हे उरकायचं. आज मेल येतोय, पुढच्या आठवड्यात येईलच असं धरून चालू नका.

रजिस्ट्रारला लिहिताना तक्रारीचा पाढा वाचू नका. त्यांच्या सपोर्टला दिवसाला शेकडो असे मेल येतात आणि "आमचा होस्ट फसवा आहे" या वाक्यावर ते एकच ठरलेलं उत्तर देतात: तुमच्या होस्टशी संपर्क साधा. मी पाठवतो ते पत्र साधारण असं असतं. भाषा त्यांना कळेल ती वापरा, मजकूर हा:

"अमुक डॉट कॉम हे डोमेन आपल्याकडे नोंदलेलं आहे. नोंदीतील मालक आमची संस्था आहे. डोमेन ज्या रीसेलरमार्फत घेतलं तो अमुक तारखेपासून उत्तर देत नाही, आमच्या तीन ईमेलच्या प्रती सोबत आहेत. मालक या नात्याने आमची विनंती: एक, हे डोमेन रीसेलरच्या खात्यातून काढून आमच्या नावाने उघडलेल्या, सोबत दिलेल्या क्रमांकाच्या खात्यात टाकावं. ते शक्य नसेल तर, दोन, कुलूप काढून ऑथ कोड आम्हाला द्यावा. ओळख पटवायला संस्थेचं नोंदणीपत्र, अध्यक्षांचं ओळखपत्र, संस्थेच्या लेटरहेडवरचं सही-शिक्क्याचं पत्र आणि नऊ वर्षांची बिलं जोडली आहेत. आणखी काय लागेल ते कळवावं."

यातली पहिली मागणी मुद्दाम पहिली ठेवली आहे. याला धंद्यात पुश म्हणतात. डोमेन त्याच रजिस्ट्रारकडे राहतं, फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर करायचं तर ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवण्याचा पासवर्ड हवा, कुलूप निघायला हवं, आणि त्यानंतरही जुन्या रजिस्ट्रारच्या हातात पाच दिवस असतात. पुश एकदा कागद पटले की मिनिटाचं काम आहे, आणि रजिस्ट्रारलाही तो बरा वाटतो, कारण गिऱ्हाईक त्याच्याकडेच राहतं. त्यासाठी त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं स्वतःचं खातं आधी उघडून ठेवा आणि पत्रात त्याचा क्रमांक द्या. "खातं उघडा, मग बघू" या एका उत्तरात चार दिवस जातात, ते वाचतील.

नियम काय म्हणतो तेही माहीत असू द्या, पण पहिल्याच पत्रात दाखवू नका. मालकाने ऑथ कोड मागितला आणि तो स्वतः काढून घेण्याची सोय खात्यात नसेल, तर रजिस्ट्रारने ५ दिवसांत तो द्यायला हवा, कुलूपही तेवढ्यात काढायला हवं. कोड देण्यासाठी लावलेली अट, मालकाचा तपशील किंवा नेम सर्व्हर बदलण्यासाठी लावतात त्यापेक्षा कडक असता कामा नये. आणि तुमच्या कामाचा सगळ्यांत मोलाचा मुद्दा: तुम्ही नोंदणीचे पैसे भरलेले असतील तर रीसेलरने रजिस्ट्रारचे पैसे थकवले या कारणाने तुमची ट्रान्सफर अडवता येत नाही. होस्ट गायब होण्याआधी त्याची थकबाकी वाढलेली असणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून हे लक्षात ठेवा. २०१३ च्या रजिस्ट्रार करारात हेही आहे की गिऱ्हाइकाने विचारलं तर रीसेलरने मूळ रजिस्ट्रार कोण ते सांगायलाच हवं. गायब माणसाला हा नियम दाखवून उपयोग नाही म्हणा, पण नुसता टाळाटाळ करणारा होस्ट असेल तर चालतो.

कागद मागण्यावरून रजिस्ट्रारवर चिडू नका. १९९५ मध्ये एका भामट्याने नेटवर्क सोल्युशन्स या रजिस्ट्रारला बनावट पत्र दाखवून सेक्स डॉट कॉम हे डोमेन गॅरी क्रेमेन यांच्याकडून पळवलं. ते भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने डोमेन ही मालमत्ता मानून रजिस्ट्रारलाही त्यात ओढलं. तेव्हापासून कुणीही लेटरहेड घेऊन आलं की रजिस्ट्रार दहा वेळा उलटून बघतो. तुमचं डोमेन उद्या कुणी असंच मागायला आलं तर त्याने बघावं असं तुम्हालाही वाटेलच.

कागदांत एक बारीक गोष्ट अडते. नऊ वर्षांपूर्वी होस्टने घाईघाईत नाव भरलेलं असतं. एका ट्रस्टच्या कामात नोंदीत ट्रस्टच्या नावाऐवजी त्याचं रोजच्या बोलण्यातलं छोटं नाव होतं, आणि पत्ता सात वर्षांपूर्वी सोडलेल्या जागेचा. नोंदणीपत्र वेगळं, नोंद वेगळी. रजिस्ट्रारने दोनदा फेटाळलं. शेवटी त्या जुन्या पत्त्यावरचं विजेचं बिल आणि छोटं नाव छापलेलं बँकेचं पत्र, अशा दोन कागदांनी काम झालं. दोन्ही एका कार्यकर्त्याच्या घरच्या ट्रंकेत निघाले. तेव्हा जुन्या पत्त्याचे कागद रद्दीत घालू नका. संस्थेचं पान पूर्वी कसं दिसत होतं ते इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडतं. त्यातल्या "संपर्क" पानावर संस्थेचा जुना पत्ता असेल तर त्याचीही प्रत जोडा.

एक सापळा सांगतो, कारण शहाणी माणसंही यात पडतात. खातं हाती आलं की पहिला मोह होतो तो मालकाचं नाव आणि ईमेल नीट करून घ्यायचा. थांबा. मालकाचं नाव किंवा ईमेल बदलला की त्यानंतर ६० दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. काही रजिस्ट्रार बदलाआधी यातून सूट घ्यायचा पर्याय देतात, सगळे देत नाहीत. तुमची मुदत सहा आठवड्यांवर, आणि ६० दिवस म्हणजे साडेआठ आठवडे. तेव्हा दोनच रस्ते: आधी ट्रान्सफर, मग दुरुस्ती. किंवा पुश करून घ्या, तिथेच एक वर्षाचं नूतनीकरण करा, मग शांतपणे नाव बदला आणि ६० दिवस जाऊ द्या. तुमच्या जागी मी दुसरा रस्ता धरेन. ट्रान्सफर केली तर मुदतीत एक वर्ष वाढतं हे खरं, पण आता तुम्हाला वेळ हवाय.

आता त्या मुदतीच्या गोमेबद्दल. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री नोंद आपोआप एक वर्षाने पुढे ढकलते. तुम्ही किंवा होस्टने पैसे भरले नसले तरी ढकलते, आणि मग रजिस्ट्रारला ते मागे घ्यायला ४५ दिवसांपर्यंत वेळ असतो. म्हणजे मुदत संपल्यावर तुम्ही नोंद बघाल तर तारीख पुढच्या वर्षाची दिसेल. लोक हुश्श करतात, "होस्टने भरले वाटतं," म्हणतात, आणि महिन्याभरात डोमेन जातं. तारखेसोबत स्टेटसमध्ये ऑटो रिन्यू पिरियड लिहिलेलं असेल तर पैसे भरले गेले असं मुळीच समजू नका.

या ४५ दिवसांवरही भिस्त ठेवू नका. तो जास्तीत जास्त काळ आहे, आणि तो रजिस्ट्रारचा आहे, तुमचा नाही. बरेच रजिस्ट्रार त्या काळात डोमेन लिलावाला काढतात. नूतनीकरण करता येण्याच्या काळातले निदान शेवटचे आठ दिवस साइट बंद पाडायची सक्ती त्यांच्यावर आहे, म्हणजे मालकाला कळावं. बरेच जण मुदत संपल्यावर लगेचच बंद करतात. मुदतीची आठवण साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी, आणि संपल्यावर ५ दिवसांत एकदा पाठवायला हवी. हे मेल मालकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर जातात, म्हणजे तुमच्या बाबतीत कदाचित त्या गायब माणसाकडेच. डोमेन मिटवलं गेलं तर पुढचे ३० दिवस रिडेम्प्शनचे. त्यात जुन्याच मालकाला परत घेता येतं, पण दंड भरून आणि जुन्याच रजिस्ट्रारमार्फत. त्यानंतर ५ दिवस पेंडिंग डिलीट, त्यात कुणालाच काही करता येत नाही, आणि मग डोमेन खुल्या बाजारात. नऊ वर्षं चाललेलं, इतर साइटींवरून दुवे असलेलं डोमेन सुटताच पकडायला यंत्रं टपून बसलेली असतात. हाताने टाइप करून ते मिळेल या भ्रमात राहू नका.

मुदतीचं नूतनीकरण आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही ध्यानात घ्या. काही रजिस्ट्रार कुणाच्याही पैशाने कुठलंही डोमेन नूतनीकृत करू देतात. विचारून बघा. ताबा मिळायला तीन महिने लागले तरी एक वर्ष भरून ठेवलेलं असलं की निदान रात्री झोप लागते.

रजिस्ट्रारने पंधरा दिवसांत दाद दिली नाही तर आयकॅनकडे तक्रार. त्यांच्या साइटवर ट्रान्सफरच्या आणि नूतनीकरणाच्या तक्रारींचे वेगळे फॉर्म आहेत. तुम्ही पाठवलेल्या पत्रांच्या तारखा आणि प्रती लागतात, म्हणून रजिस्ट्रारशी फोनवर बोलणं झालं तरी नंतर मेल टाकत जा. आयकॅन स्वतः डोमेन उचलून तुमच्या हातात देत नाही, आणि मालकीचं भांडण सोडवत नाही. ते रजिस्ट्रारला विचारतं की तुम्ही नियम का पाळला नाहीत. पण माझ्या अनुभवात त्या पहिल्या विचारणेनेच सपोर्टच्या खुर्चीवर वेगळा, वरचा माणूस येऊन बसतो. होस्टबद्दल तक्रार केलीत तर मात्र ते हात वर करतील, होस्टिंग त्यांच्या कक्षेत नाही. आणि देशांच्या डोमेनांना, म्हणजे डॉट इन, डॉट यूके, डॉट डीई वगैरेंना, हे नियम लागू नाहीत. तिथे त्या त्या देशाची रजिस्ट्री, जशी डॉट यूकेची नॉमिनेट किंवा डॉट डीईची डेनिक. त्यांच्या पद्धती वेगळ्या आणि कधी कधी सोप्याही.

रजिस्ट्रारच बुडाला तर काय, असं कुणी विचारतं. तेही झालेलं आहे. २००७ मध्ये रजिस्टरफ्लाय नावाचा रजिस्ट्रार कोसळला, आयकॅनने त्याची मान्यता काढली, आणि त्याच्याकडची सुमारे साडेआठ लाख डोमेनं गोडॅडीकडे सोपवली गेली. त्या गोंधळानंतर रजिस्ट्रारने आपल्या नोंदींची प्रत ठराविक काळाने तिसऱ्याकडे जमा करण्याची सक्ती नीट अमलात आली. म्हणून रजिस्ट्रार बुडण्याची भीती मी फारशी बाळगत नाही. भीती असते ती मधल्या माणसाची, कारण त्याच्या वहीची प्रत कुणाकडेच नसते.

आता नकोसा प्रकार. नोंदीत मालकच होस्ट आहे. रजिस्ट्रार अशा वेळी तुमचं ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. बिलं दाखवलीत तरी तो म्हणेल, तुम्ही कुणाला पैसे दिलेत ते आम्हाला काय माहीत. फक्त एक तपासा, नोंदीत ऑर्गनायझेशन या रकान्यात संस्थेचं नाव आणि खाली व्यक्ती म्हणून होस्टचं नाव, असं तर नाही ना? तसं असेल तर मालक संस्था धरली जाते, आणि तुम्ही पुन्हा वरच्या सोप्या रस्त्यावर आलात.

नसेल तर त्या माणसाला शोधण्याला पर्याय नाही, आणि शोधताना तो लबाडच आहे असं धरून निघू नका. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत पैसे उकळणारे थोडे. जास्त करून आजारपण, कर्ज, धंदा गुंडाळलेला, फोन उचलायची लाज. एकदा आम्ही सहा महिने ज्याला मेल करत होतो तो माणूस वारलेला होता. त्याच्या घरी कुणीतरी प्रत्यक्ष गेलं तेव्हा कळलं. त्याच्या पत्नीला डोमेन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण त्याची निळी वही तिने जपून ठेवली होती, आणि तिच्यात एका पानावर सव्वीस गिऱ्हाइकांची नावं, समोर रजिस्ट्रार, समोर पासवर्ड. आमचं काम अर्ध्या तासात झालं. बाकीच्या पंचवीस जणांना पुढचे तीन आठवडे आम्हीच फोन करत बसलो. तेव्हा पत्ता असेल तर तिथे माणूस पाठवा. मग नोंदणीकृत पत्र, आणि त्यात पैसे मागायचे नाहीत, दोष द्यायचा नाही, एकच मागायचं: डोमेन आमच्या खात्यात सरकवा, त्याबद्दल तुमची राहिलेली रक्कम आम्ही देतो.

तेवढ्याने भागलं नाही तर वकील. यूडीआरपी नावाची लवादाची वाट १९९९ पासून आहे, जागतिक बौद्धिक संपदा संघटना म्हणजे वायपो ती चालवणाऱ्यांपैकी प्रमुख. एक ते पाच डोमेनांसाठी एका पंचाची फी १,५०० डॉलर, वकिलाचे वेगळे. त्यात तीन गोष्टी सिद्ध करायच्या: त्या नावावर तुमचा ट्रेडमार्कसारखा हक्क आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलं. तिसरी अट अशा प्रकरणांत नडते. होस्टने डोमेन तुमच्या सांगण्यावरूनच, तुमच्यासाठीच घेतलं होतं, मग नोंदवताना हेतू वाईट कसा? तो नंतर अडवून पैसे मागत असेल तर काही पंच ऐकतात, पण कित्येकदा "हा तुमच्यातल्या कराराचा वाद, कोर्टात जा" असं सांगून परत पाठवतात. संस्थेच्या नावाचा ट्रेडमार्क नोंदलेला नसेल तर मी ती फी भरायचा सल्ला देणार नाही. त्या पैशात दुसरं डोमेन घेऊन लोकांना कळवणं स्वस्त पडतं.

शेवटी, डोमेन हातात येईल त्या दिवसाची तयारी. नेम सर्व्हर बदलायच्या आधी जुन्या झोनमधली, म्हणजे त्या नेम सर्व्हरवरच्या यादीतली, प्रत्येक नोंद उतरवून घ्या. साइटचा पत्ता, मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी, तुमच्या नावाने मेल कुणी पाठवावा ते सांगणारी एसपीएफ आणि इतर टीएक्सटी म्हणजे मजकुराच्या नोंदी, मेल डॉट, वेबमेल डॉट यांसारखी उपनावं. होस्टच्या पॅनेलशिवाय पूर्ण यादी मिळत नाही, एकेक नाव विचारून बघावं लागतं. नोंदीत डीएनएससेक, म्हणजे या नोंदींवरची डिजिटल सही, सुरू दिसत असेल तर आधी रजिस्ट्रारकडून तिची डीएस नोंद काढून टाकायला लावा, नाहीतर नवा सर्व्हर व्यवस्थित असूनही बऱ्याच लोकांना साइट उघडणार नाही आणि तुम्ही दोन दिवस चुकीच्या जागी दोष शोधत बसाल. मेलचा बॅकअप आजपासूनच घ्या. पॅनेल बंद असलं तरी मेलबॉक्सचे पासवर्ड तुमच्याकडे आहेत, मेल प्रोग्रामला आयमॅप या पद्धतीने मेलबॉक्स जोडला की सगळं संगणकावर उतरतं. साइटची पानं एचटीट्रॅकसारख्या साधनाने उतरवता येतात. डेटाबेस मात्र मिळणार नाही, फॉर्म आणि सभासदांचं लॉगिन असेल तर ते नव्याने बांधायचं धरून चाला.

नव्या खात्यात मालक म्हणून संस्थेचं नाव, ईमेल त्याच डोमेनवरचा नाही असा, आणि लॉगिन दोन पदाधिकाऱ्यांकडे. होस्टिंग पुढे कुणाकडूनही घ्या, त्याला फक्त नेम सर्व्हर विचारायचे.

आणि होस्ट दोन महिन्यांनी अचानक उगवला, तसे उगवतातही, तर वाद घालू नका. त्याचं राहिलेलं बिल चुकतं करा आणि डेटाबेसची एक प्रत मागून घ्या. त्याच्या सर्व्हरवर ती अजून पडलेली असायची शक्यता बरीच असते.